बोट बाहेर, तोंड भिंतीकडे

मास्तर गेले तेव्हा त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी सरळच होती. बाकीची बोटं मिटलेली, अंगठा आत, आणि ते एक बोट ताठ, मांडीला लागून, कुणाकडेही न रोखलेलं. ज्यांनी त्यांना शेवटची आंघोळ घातली त्यांनी ते दुमडून पाहिलं म्हणे, जमलं नाही. मला ते ऐकून नवल वाटलं नाही. तीन महिने मी त्यांच्याकडे शिकायला जात होते आणि तेवढ्या दिवसांत ते बोट वाकलेलं मी एकदाही पाहिलं नाही. ते जेवायचे तेसुद्धा अंगठा आणि मागच्या तीन बोटांनी. तर्जनी भाताला लागत नसे. कुठली वस्तू दाखवायची तर सगळा तळवा उघडून दाखवायचे, एखाद्याला पान वाढावं तसे.

"बोट बाहेर," हा त्यांचा पहिला धडा. बंदूक हातात आली की तर्जनी चापाच्या बाहेर, नळीच्या अंगाने सरळ. चापाला बोट लावायचं ते शेवटी, सगळं ठरल्यावर. हे सगळेच शिकवतात. मास्तरांचं वेगळेपण इतकंच, की त्यांच्या हातात बंदूक नसतानाही ते बोट बाहेरच असायचं. गेली तीस-बत्तीस वर्षं त्यांच्या हातात खरी बंदूक आलीच नव्हती.

मी त्यांच्याकडे का गेले ते आधी सांगते. आमचं गाव म्हसळ्यापासून आत, डोंगराच्या कुशीत. मालक मुंबईला नोकरीला, शिमग्याला आणि गणपतीला येतात. मी अंगणवाडी सांभाळून भात आणि काजू बघते. सासऱ्यांच्या नावावर शेतीसंरक्षणाची एकनळी बाराबोर होती. ते वारले आणि बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. इकडे रानडुकरांनी उच्छाद मांडला होता. एका पहाटेत अर्ध्या गुंठ्याचं भात लोळवून ठेवायची. सगळ्यांनी मिळून ठरवलं, बंदूक माझ्या नावावर करून घ्यायची. कागद केले, पोलीस पाटलांचा जबाब झाला. मग कचेरीतून सांगण्यात आलं की आता नियम बदललेत, आधी बंदूक सुरक्षित वापरण्याची परीक्षा द्या, दाखला आणा. परीक्षा जिल्ह्याच्या गावी. तोंडी प्रश्न आणि प्रात्यक्षिक. मी बंदूक कधी पुसायलासुद्धा हातात घेतली नव्हती.

कुणीतरी मास्तरांचं नाव सांगितलं. श्रीवर्धनच्या अलीकडे, खाडीच्या काठी एकटं घर. ते काही सरकारमान्य शिक्षक नव्हते, त्यांच्या शब्दाला कचेरीत किंमत नव्हती. पण त्यांनी तयार करून पाठवलेलं माणूस परीक्षेत आजवर नापास झालेलं नाही, अशी त्यांची ख्याती. बाईमाणसालाही नीट शिकवतात, आणि घरात बाई आहे, हेही सांगणाऱ्याने आवर्जून सांगितलं.

पहिल्या दिवशी मी अंगणात गेले तर त्यांनी मला उंबऱ्याच्या आत घेतलंच नाही. माझ्या हातातल्या छत्रीकडे पाहत राहिले. उंच, वाळलेले, डोक्यावर पांढरे खुंट.

"तोंड तिकडं कर, बाय," ते म्हणाले.

मला कळेना. मग त्यांनी तळव्याने दाखवलं. अंगणाच्या पश्चिमेला जांभ्या दगडाची एक भिंत होती, पुरुषभर उंच. ती कशाचीच भिंत नव्हती. तिच्यावर छप्पर नव्हतं, तिला दुसरी बाजू जोडलेली नव्हती. नुसती उभी होती आणि तिच्या मागे मातीचा भराव. त्या घरात ज्या ज्या वस्तूला तोंड होतं, ती त्या भिंतीकडे तोंड करून ठेवलेली असायची. छत्र्या, बॅटरी, पाण्याचा पाइप, चहाची किटली, कोयत्याचं टोक, चपलासुद्धा. चुलीत लाकडं घालताना त्यांची टोकं तिकडे. मी छत्री फिरवून ठेवली तेव्हा मला आत घेतलं.

शिकवायला त्यांच्याकडे लाकडाची बंदूक होती. शिवणीच्या लाकडाची, स्वतः कोरलेली, खऱ्याइतकी जड व्हावी म्हणून आत शिसं ओतलेलं. ती मधोमध मोडायची, खऱ्यासारखी उघडायची. तिच्यात काडतूस जाण्यासारखी जागाच नव्हती, पण दर वेळी हातात घेतल्यावर ती उघडायची, आत बघायचं, मग करंगळी घालून चाचपायचं. मी पहिल्यांदा हसले. मास्तर थांबले. माझं हसू संपेपर्यंत थांबले आणि मग म्हणाले, "भरलेलीला समदे भितात. माणसं रिकामी मारते."

त्यांची एक वही होती. प्रश्न आणि उत्तरं, जाड शाईत. बंदूक कुठं ठेवावी, काडतुसं कुठं, चावी कुठं. काडतूस उडालं नाही तर किती वेळ नळी तशीच धरून थांबावं. कुंपण कसं ओलांडावं. कुंपणासाठी त्यांनी अंगणात निरगुडीच्या काठ्यांचा बुटका अडसर केला होता. त्याच्याशी यायचं, बंदूक उघडायची, चाचपायची, पलीकडे जमिनीवर ठेवायची, तोंड भिंतीकडे, मग आपण ओलांडायचं, मग उचलायची, पुन्हा उघडायची. मी ते कुंपण त्या तीन महिन्यांत किती वेळा ओलांडलं असेल देव जाणे. स्वप्नातही ओलांडायचे.

आणि ओटीवर बाई असायची.

मी त्यांना काकी म्हणायचे. मास्तरांची बायको असंच मी धरून चालले होते. ओटीच्या कडेला, अंगणाकडे पाठ करून त्या बसलेल्या असत. समोर चिंचेचा ढीग. लहानशा लोखंडी बत्त्याने चिंच फोडायची, चिंचोका काढायचा, चिंच डब्यात टाकायची. हिरवं लुगडं, पांढरा अंबाडा, मानेवर एक तीळ. मी पहिल्या दिवशी "काकी, नमस्कार" म्हटलं तेव्हा त्यांनी पाठमोऱ्याच मान हलवली. लाजतात, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी कुंपणावरून उतरताना माझा पाय घसरला. तोल सावरताना लाकडाची नळी ओटीच्या दिशेने फिरली असेल, क्षणभरच. बत्त्याचा आवाज थांबला.

"आली," काकी म्हणाल्या.

आवाजात राग नव्हता. पाऊस आला, एस.टी. आली, तसं. मास्तरांनी माझ्या हातातून बंदूक काढून घेतली आणि त्या दिवसाचं शिकवणं संपलं. मला जाऊन एस.टी.च्या थांब्यावर दोन तास बसावं लागलं.

मग माझ्या ध्यानात आलं की हे नेहमीचंच आहे. नळी त्यांच्या पाठीवरून गेली की काकी सांगायच्या. न वळता. कधी मी दहा पावलांवर असे, कधी चाळीस. एकदा मास्तर घराच्या मागे होते आणि मी एकटीच सराव करत होते. नळी नुसती ओटीच्या कोपऱ्याला लागून गेली. "कडेनं गेली," काकी म्हणाल्या.

मी काही भोळी बाई नाही. अंगणवाडीत चाळीस पोरं सांभाळते, कोण कुठून काय बघतं ते मला कळतं. मी एका दुपारी पाणी पिण्याच्या निमित्ताने ओटीवर चढले आणि त्यांच्या समोर काय आहे ते पाहिलं. स्टीलचं भांडं, आरसा, काचेची बरणी, ज्याच्यात मागचं दिसेल असं काहीतरी असणार, असा माझा हिशेब. सारवलेली भिंत होती. चिंच होती. चिंचोक्यांचा ढीग होता. डबासुद्धा गंजलेला. काकींनी मी चढले तशी मान दुसरीकडे वळवली, त्यामुळे त्यांचं तोंड मात्र दिसलं नाही.

त्याच सुमारास रेवसकडचे एक गृहस्थ शिकायला आले. पन्नाशीचे, मिशावाले, कुठल्यातरी फार्महाउसवर हत्यारी पहारेकऱ्याची नोकरी मिळणार होती. हुशार माणूस, वही दोन दिवसांत पाठ केली. काकींचं ऐकल्यावर त्यांनी ठरवलं की आपण याचा छडा लावायचा. मास्तर विहिरीवर गेलेले असताना त्यांनी लाकडाची बंदूक घेतली, चपला काढल्या आणि अनवाणी, श्वास धरून, हळूहळू नळी काकींच्या पाठीवर नेली.

"आली."

त्यांनी खाली केली. थोडं थांबून पुन्हा. "आली." मग जागा बदलून, आंब्याच्या आडून. "आली." पाच वेळा केलं, सहा वेळा केलं. मी त्यांना पुरे म्हणून खुणावत होते, पण त्यांना चेव आला होता. सातव्यांदाही काकींनी सांगितलं. मग ते नळी जमिनीकडे करून उभे राहिले, हसत माझ्याकडे पाहत. बंदूक हलली नव्हती, हे मी शपथेवर सांगते.

"आता मनात आली," काकी म्हणाल्या, आणि चिंच फोडू लागल्या.

गृहस्थांचं हसू गेलं. दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. थेट जिल्ह्याच्या गावी जाऊन परीक्षा दिली, पास झाले, नोकरीला लागले. पुढे काही वाईट घडलं असं तुम्हाला वाटत असेल तर तसं नाही. त्यांच्या हातून आजवर काहीही झाल्याचं मी ऐकलेलं नाही. अजून ते त्याच नोकरीत आहेत, सुखात आहेत.

मास्तरांचं घरातलं वागणं मला हळूहळू दिसू लागलं. स्वयंपाक तेच करायचे. काकींचं ताट वाढून त्यांच्या पाठीमागे, हातभर अंतरावर ठेवायचे आणि दहा पावलं मागे सरायचे. काकी हात मागे नेऊन ताट ओढून घ्यायच्या. जेवण झालं की तसंच मागे सरकवायच्या. दोघं एकमेकांशी बोलताना मी कधी ऐकलं नाही. काकी माझ्याशी बोलायच्या, एस.टी. कितीला आहे, भात पोटरीत आलं का, मालक कधी येणार. मास्तर माझ्याशी बोलायचे. पण त्यांचे शब्द एकमेकांपर्यंत जात नसत. म्हाताऱ्या नवराबायकोंचं काय काय बिनसलेलं असतं, आपण विचारू नये.

मास्तर अधूनमधून मला घेऊन खाडीच्या बांधावर जायचे. समोर बोट दाखवायचं नाही म्हणून तळवा पसरून विचारायचे, "काय दिसतं?"

"खारफुटी."

"त्याच्या मागं?"

"खाडी."

"त्याच्या मागं?"

"पलीकडचा काठ. माड. एक घर."

"घरात?"

"ते कसं दिसेल, मास्तर?"

"मग न्हाय मारायची," ते म्हणत. एवढंच. परत फिरायचे. परतताना त्यांचं एक ठरलेलं वाक्य असे, दर वेळी पहिल्यांदाच सुचल्यासारखं म्हणायचे: "गोळी चापानं सुटत न्हाय, बाय. डोळ्यानं सुटते. चाप नुसता नावाला."

तिसरा महिना संपत आला. माझा हात स्थिर झाला होता, वही तोंडपाठ होती, काकींच्या तोंडून पंधरा दिवसांत "आली" निघालं नव्हतं. मास्तर म्हणाले, आज शेवटचं बघतो आणि तुला मोकळी करतो. सकाळचे दहा वाजले असतील. लख्ख ऊन. मी बंदूक उचलली, उघडली, पाहिलं, करंगळीने चाचपलं. कुंपण ओलांडलं. पुन्हा उघडली, मिटली. बोट बाहेर. मग पहिल्यांदाच भिंतीसमोर उभी राहिले, दस्ता खांद्याला लावला आणि नळी जांभ्या दगडावर धरली. ओटी माझ्या मागे होती. काकींची पाठ माझ्या पाठीकडे होती.

बत्ता थांबला.

"हिच्या नळीसमोर माणूस हाय," काकी म्हणाल्या.

समोर भिंत होती. दगड, दगडाच्या फटीत शेवाळ, वर एक कावळा. मास्तरांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. आणि तीन महिन्यांत पहिल्यांदाच ते ओटीकडे पाहून बोलले.

"कोण?"

"ते तिला इचार."

मी बंदूक उघडली, खाली ठेवली, तोंड भिंतीकडे, हे सगळं बरोबर केलं, आणि मग तिथेच कुंपणाशी बसले. कारण काकी म्हणाल्या तेव्हाच मलाही तो दिसला होता. म्हणजे आधीपासून दिसत होता, मी नाव घेत नव्हते. सुरुवातीपासून मी मनात नेम धरायचे तेव्हा नळीच्या टोकाशी डुक्कर कधीच नव्हतं. निळ्या चौकड्यांची लुंगी होती.

तो माझा चुलत दीर. आमची घरं भिंतीला भिंत लागून. म्हसळ्याला त्याचं सिमेंटचं दुकान, गावात येऊन-जाऊन. आमच्या काजूच्या बागेत जायची वाट त्याच्या जागेतून. किनाऱ्याकडच्या जमिनींना मोल आलं तसं त्याने वाटेवर खांब रोवले आणि काटेरी तार ओढली. मी भांडले, पंच बोलावले, मालकांनी फोनवर शिव्या दिल्या, काही झालं नाही. मग माझी एक पाडी सवयीने त्या वाटेने गेली आणि तारेत अडकली. सुटायला धडपडली तेवढी गुंतत गेली. सकाळी मी गेले तेव्हा डोळे उघडे होते, जीव नव्हता. तार त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. ती हंबरली असणार, त्याने ऐकलं असणार, असं मी मनाशी धरलं होतं. त्याच आठवड्यात मी बंदुकीचा अर्ज केला. डुकरांसाठी. डुकरं खरी होती. म्हणून तर मला स्वतःशी खोटं बोलणं सोपं गेलं.

हे सगळं मी मास्तरांना कुंपणाशी बसून सांगितलं. ते माझ्यापासून थोडं दूर जमिनीवर बसले, भिंतीकडे तोंड करून. मग त्यांनी त्यांचं सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

चाळिशीत असताना ते या पट्ट्यातले सगळ्यात चांगले नेमबाज होते. लोक रान उठवून डुकराचा हाका करायचे आणि नेमावर त्यांना बसवायचे. तशा एका हाक्यात करवंदीच्या जाळीत हललं आणि त्यांनी गोळी मारली. जाळीत त्यांचा शेजारी होता. शेजारी म्हणजे लहानपणापासूनचा जोडीदार, पण त्या वर्षी दोघांचं बोलणं बंद होतं.

"कशावरून?" मी विचारलं.

"आता आठवत न्हाय," मास्तर म्हणाले. "खरंच न्हाय आठवत."

कोर्टात त्यांनी सांगितलं, डुक्कर दिसलं म्हणून मारली. हाक्यातल्या सगळ्यांनी तेच सांगितलं. अपघात म्हणून सुटले. बंदूक गेली, परवाना गेला, माणसं काही दिवस हळहळली आणि विसरली.

"मला डुक्कर दिसलं व्हतं, ते खोटं न्हाय," ते म्हणाले. "पण त्याच्या आदी माणूस दिसला व्हता. डोळ्याच्या पापणीएवढा येळ. मग मी डुक्कर बघितलं."

मी ओटीकडे पाहिलं. काकी चिंच फोडत होत्या. मास्तरांनी माझी नजर कुठे गेली ते ओळखलं.

"त्याची बायको," ते म्हणाले.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ती गाठोडं घेऊन आली. मास्तर तेव्हा एकटेच राहायचे. ती ओटीवर चढली, अंगणाकडे पाठ केली आणि बसली. तिने काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही. जेवणाची वेळ झाली तेव्हा त्यांनी भात टाकला आणि तिच्या मागे नेऊन ठेवला. तेव्हापासून ते असंच चाललं होतं. लोकांनी आधी नावं ठेवली, मग नवराबायको धरून टाकलं. बंदूक शिकायला पहिलं माणूस आलं ते बऱ्याच वर्षांनी, आणि त्या दिवशी ती पहिल्यांदा "आली" म्हणाली.

"तिनं मला तोंड दाखवलेलं न्हाय अजून," मास्तर म्हणाले. "मी बी फिरून बघितलं न्हाय. बघायची हिंमत न्हाय."

मग उठले. माती झटकली. मला म्हणाले, तुला अडवणारा मी कोण, माझ्या सहीला किंमत नाही, उद्या जाऊन परीक्षा दिलीस तर पास होशील. पण माझं ऐकायचं असेल तर आधी एक कर. त्या दिराच्या घरी जाऊन जेवून ये.

मी म्हटलं, त्याने बोलावलं तर ना.

"बोलावल्याबिगर जा. मला त्यानं बोलावलं व्हतं. आठ दिवस आदी. समेट करू म्हनला, जेवायला ये. हिनं सरंग्याचं कालवण केलं व्हतं. मी गेलो न्हाय."

ओटीवरचा बत्ता त्या वाक्याला थांबला होता, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

पुढचं थोडक्यात सांगते. मी दिराकडे जेवून परत गेले तेव्हा मास्तरांनी मला जेवणाबद्दल काही विचारलं नाही. मीच सांगायला लागले तर तळवा वर करून थांबवलं. मला पुन्हा भिंतीसमोर उभं केलं. काकी शेवटपर्यंत गप्प राहिल्या. परीक्षा मी दिली, तिथल्या साहेबांनी हात स्थिर आहे म्हणून कौतुक केलं. परवाना यायला वर्ष गेलं. सासऱ्यांची बंदूक आता कपाटात आहे, काडतुसं दुसरीकडे, चावी तिसरीकडे. डुकरांवर मी दोनदा बार टाकला, दोन्ही वेळा हवेत. ती अजून येतात.

मास्तर गेले ते माझी परीक्षा झाली त्याच पावसाळ्याच्या शेवटी, छातीत कळ येऊन. मला दोन दिवसांनी कळलं. मी गेले तेव्हा घराला कडी होती. शेजारच्या वाडीतल्या बायकांनी सांगितलं, त्यांना नेलं त्या दुपारी काकींनी ओटी झाडली, चिंचेचा डबा शेजारी दिला, गाठोडं घेतलं आणि एस.टी.त बसल्या. कुठे गेल्या कुणाला माहीत नाही. मी विचारलं, त्यांनी मास्तरांचं तोंड पाहिलं का? नेताना तिथे वीसजणी तरी होत्या, पण एकीलाही सांगता आलं नाही.

जेवणाचं मात्र सांगितलं पाहिजे.

रविवारची दुपार. मी अंगण ओलांडून दिराच्या दारात गेले तेव्हा तो मोटारसायकल पुसत होता. निळ्या चौकड्यांच्याच लुंगीत. मला पाहून उठून उभा राहिला. तार ओढल्यापासून मी त्या दारात पाय ठेवला नव्हता.

"जेवायला आले, भावजी," मी म्हटलं.

तो आत वळला. माझी जाऊ, त्याची बायको, दारात आली, माझ्याकडे पाहिलं आणि पाट मांडला. दोन पानं वाढली, एक त्याचं, एक माझं. कुळथाचं पिठलं, भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी. आम्ही समोरासमोर बसलो. तो खाली बघून भाकरी मोडत होता. मग म्हणाला,

"मास्तरांनी पाठवलं?"

मी हातातला घास खाली ठेवला. याला मास्तर कसे माहीत, मला कळेना. मग त्याने सांगितलं. म्हसळ्याच्या दुकानाच्या पत्त्यावर त्याने गेल्या वर्षीच अर्ज केला होता, स्वतःच्या संरक्षणासाठी म्हणून. गावात कुणाला कळू दिलं नव्हतं. शिकायला मास्तरांकडेच गेला होता, बायकोला बरोबर घेऊन, दोन महिने. शेवटच्या दिवशी त्यानेही भिंतीवर नेम धरला होता.

"म्हातारी म्हनली, नळीसमोर बाई हाय," तो म्हणाला.

त्याने भाकरीचा तुकडा पानाच्या कडेला ठेवला.

"मास्तरांनी मलाबी सांगितलं व्हतं, वैनी. तुझ्याकडं जेवून ये म्हनून. मी न्हाय आलो. तसाच परीक्षेला गेलो."

"मग?"

"पास झालो. गेल्या महिन्यात आणली." त्याने मान वळवून आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. दाराला फुलांचा पडदा होता. त्या खोलीची पलीकडची भिंत म्हणजे माझ्या माजघराची भिंत. मी तिला डोकं लावून झोपते.

"पाडीचं मला सकाळीच कळलं," तो म्हणाला. "देवाशपथ."

मी ते ऐकलं, पण माझं लक्ष पडद्यावर होतं. "भरलेली हाय?" मी विचारलं.

त्याने पिठल्यात बोट फिरवलं. मग म्हणाला, "व्हय."

"न्हाय," जाऊ म्हणाली.

ती भाताचं पातेलं घेऊन दारात उभी होती. आम्ही दोघांनीही तिच्याकडे पाहिलं. ती बाई कधी मोठ्याने बोलत नाही, तेव्हाही तिचा आवाज चढला नाही.

"काडतुसं मी परवा विहिरीत टाकली. डब्यातली, आनी नळीतलं एक. मीबी बसले व्हते न्हवं तिथं दोन महिने. उघडायची कशी ते बघितलं मी."

दीर पानावरून अर्धा उठला. तोंड लाल झालं होतं. "कुठल्या विहिरीत?"

"आपल्याला दुसरी विहीर कुठं हाय," ती म्हणाली, आणि वाकून आधी त्याच्या पानात भात वाढला, मग माझ्या.

तो थोडा वेळ तसाच राहिला, ना उठलेला ना बसलेला. मग बसला. आम्ही जेवलो. भातावर तिने ताक घातलं. मी पान पूर्ण संपवलं.

दिवाळीच्या आधी त्याने तार गुंडाळली. खांब अजून आहेत, वाट मोकळी आहे. बंदूक त्याने विकली की ठेवली, मी विचारलेलं नाही. विहीर दोन्ही घरांत मिळून एक. पाणी गोड आहे, चैत्रातही कमरेइतकं असतं. दर उन्हाळ्यात आम्ही म्हणतो, यंदा गाळ काढायला हवा. आणि दर उन्हाळ्यात, ना ते ना आम्ही, आत उतरणाऱ्या माणसाला बोलावत नाही.